प्रमाणपत्रानंतरचे सेमिस्टर : पुण्यातील प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर आणि परिसरातील महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य, तसेच अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांचे समन्वयक

विषय : प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा परिणाम वर्गातील अध्यापनापर्यंत पोहोचावा यासाठी महाविद्यालयाच्या पातळीवर करावयाच्या गोष्टींबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

शैक्षणिक वर्ष संपत आले, की आपल्या बहुतेक महाविद्यालयांत गुणवत्ता हमी कक्षाकडून एक ठरावीक निरोप येतो : वर्षभरात केलेल्या ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी (प्राध्यापक विकास कार्यक्रम) आणि कार्यशाळांची प्रमाणपत्रे पीडीएफ करून अमुक तारखेपर्यंत गुगल ड्राइव्हवर टाकावीत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात शिक्षकांच्या सक्षमीकरणाचा भाग आहे. त्यात अशा कार्यक्रमांना हजर राहिलेल्या शिक्षकांची संख्या द्यावी लागते, ती वार्षिक अहवालात भरली जाते आणि फाइल बंद होते. त्या कार्यक्रमात काय मिळाले, त्यातले वर्गात काय करून पाहिले आणि कुठे अडले, हे मी अर्थशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला कोणी विचारलेले नाही. ज्या सहकाऱ्यांशी बोलणे होते, त्यांचा अनुभवही याहून फारसा वेगळा नाही.

प्रशिक्षणामुळे प्राध्यापकाचे शिकवणे सुधारते, असे माझे मत आहे. मात्र ते खरोखर सुधारणार की नाही, याचा निकाल प्रशिक्षण केंद्रात लागत नसून प्राध्यापक परत आल्यानंतरच्या सेमिस्टरमध्ये, आपल्याच इमारतीत लागतो. म्हणून हे पत्र विद्यापीठ अनुदान आयोगाला किंवा विद्यापीठाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आपल्या व्यवस्थेतील एक विसंगती सवयीने आपल्याला दिसेनाशी झाली आहे. पाचवीच्या वर्गाला गणित शिकवायचे असेल तर डी.एड. लागते, सराव पाठ द्यावे लागतात, वर्गाच्या मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणाऱ्या मार्गदर्शकांचे शेरे ऐकावे लागतात. पदवीच्या वर्गाला शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा अथवा पीएच.डी. पुरते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा तर आपलेच पुणे विद्यापीठ घेते. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेवर काही बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि शिकवण्याच्या कौशल्याशी उमेदवाराचा पूर्वसंबंध बहुधा तेवढाच असतो. त्यानंतर जूनमध्ये तो किंवा ती थेट शंभर-सव्वाशे मुलांच्या डिव्हिजनसमोर उभी राहते आणि आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांची शैली आठवून बोलू लागते. नोकरीत आल्यानंतरचे प्रशिक्षण ही उच्च शिक्षणात पुरवणी नसून बहुतेकांच्या बाबतीत ते पहिलेच प्रशिक्षण असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची हेळसांड किती महाग पडते ते कळते.

ही उणीव धोरणकर्त्यांना दिसली नव्हती असे नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून देशभरातील विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली आणि चार आठवड्यांचे ओरिएंटेशन व तीन आठवड्यांचे रिफ्रेशर हा प्राध्यापकांच्या आयुष्याचा भाग झाला. पुढे ही केंद्रे मनुष्यबळ विकास केंद्रे म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०२३ पासून ती शिक्षक प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली आली. दरम्यान नवीन प्राध्यापकांसाठी महिनाभराच्या प्रवेश प्रशिक्षणाचा ‘गुरु-दक्षता’ हा आराखडाही आयोगाने २०१९ मध्ये काढला. स्टाफ कॉलेजातील चहा, सहल आणि समारोपाची भाषणे यांची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझे मत थोडे निराळे आहे. तीन-चार आठवडे दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, दुसऱ्या विषयांच्या माणसांबरोबर राहून ‘तुमच्याकडे मुले वर्गात बसतात का?’ यासारखे साधे प्रश्न एकमेकांना विचारता येत, आणि कित्येकांच्या शिकवण्यात जो काही बदल झाला तो व्याख्यानांपेक्षा या गप्पांमुळे झाला. कार्यक्रम ऑनलाइन झाले तेव्हा नेमक्या या गप्पाच गेल्या.

आता पदोन्नतीच्या गणिताकडे वळते. २०१८च्या आयोगाच्या विनियमांनुसार कॅस या पदोन्नती योजनेखाली पहिल्या टप्प्याची प्लेसमेंट (वरची वेतनश्रेणी) मिळण्यासाठी सहायक प्राध्यापकाला अध्यापन पद्धतीवरील २१ दिवसांचे ओरिएंटेशन करावे लागते. पुढे किमान दोन आठवड्यांचा, म्हणजे दहा दिवसांचा अभ्यासक्रम, किंवा त्याऐवजी पाच-पाच दिवसांचे दोन चालतात. त्याच विनियमांत अध्यापनाची प्रतवारी कशी होते, तेही पाहावे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. तास झाला की नाही एवढेच यात मोजले जाते. त्या तासात काय झाले, ते मोजलेच जात नाही. प्रशिक्षण एका रकान्यात, अध्यापन दुसऱ्या रकान्यात, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, अशी ही मांडणी आहे. तेव्हा प्लेसमेंटची तारीख पुढे जाऊ नये म्हणून मिळेल त्या विषयाची, मिळेल त्या गावची ऑनलाइन एफडीपी करून टाकणाऱ्या प्राध्यापकाला मी दोष देणार नाही. व्यवस्थेने जे मागितले, तेच तो देत आहे.

अशा पाच दिवसांच्या एफडीपीचे रूप आपल्याला ठाऊक आहे, तरी एकदा जवळून पाहूया. सकाळी दहाला दीपप्रज्वलनाचे छायाचित्र पडद्यावर येते, मग पाहुण्यांचा लांबलचक परिचय होतो. मीटिंगमध्ये दोन-अडीचशे नावे असतात आणि जवळपास सगळे कॅमेरे बंद असतात, कारण त्याच वेळी त्यातले निम्मे लोक एफ.वाय.च्या इंटर्नलचे गुण भरत असतात किंवा कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकनाला) पेपर तपासत असतात. अध्ययननिष्पत्ती, ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भारतीय ज्ञान प्रणाली हे सगळे विषय एकेका सत्रात उरकले जातात. विद्यार्थ्यांना नुसते व्याख्यान देऊ नये, हे सांगणारे दीड तासाचे व्याख्यान मी स्वतः ऐकले आहे. शेवटच्या दिवशी साडेचारच्या सुमारास चॅटमध्ये प्रश्नमंजूषेची लिंक पडते आणि पुढच्या काही मिनिटांत सगळे कार्यक्रमातून बाहेर पडतात. ‘कार्यक्रम कसा वाटला’ या प्रश्नाला बहुतेकांनी ‘उत्कृष्ट’ असे उत्तर दिलेले असते, आणि त्याच उत्तरांवर कार्यक्रमाचे यश ठरते. प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे, असे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडले होते : सहभागींना काय वाटले, ते काय शिकले, त्यांच्या कामात काय बदलले आणि त्याचे फळ काय मिळाले. आपण पहिल्या पायरीवर बैठक मारली आहे.

मग याहून वेगळे काही घडते याला पुरावा आहे का? आहे. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी आठ देशांतील २२ विद्यापीठांचा अभ्यास करून २००४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आपण प्रत्येकाने वाचावेत असे आहेत. प्रशिक्षण घेतलेल्या नव्या शिक्षकांचे अध्यापन वर्षभरात अधिक विद्यार्थीकेंद्री झाले आणि त्यांचे विद्यार्थी वरवरच्या पाठांतराकडे कमी झुकले. प्रशिक्षण न मिळालेल्या शिक्षकांचा जो गट तुलनेसाठी घेतला होता, त्यात मात्र एक तर काही बदल झाला नाही किंवा बदल उलट्या दिशेने झाला. हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. नवा शिक्षक उत्साहाने येतो आणि त्याला तसाच सोडून दिला तर तो होता तेथे राहीलच असे नाही, विभागातली रूढ पद्धत त्याला मागे ओढू शकते. त्या अभ्यासातील प्रशिक्षणांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती आठवड्याभराची नव्हती, चार महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत चालणारी होती. शिक्षक शिकवत असतानाच ती चालू होती.

यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असेही नाही. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातच आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र आहे. आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या आणि जयंत नारळीकरांनी घडवलेल्या या केंद्रात विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना अभ्यागत सहयोगी म्हणून काही वर्षांसाठी जोडून घेतात. तो शिक्षक पुन्हा पुन्हा येतो, राहतो, ग्रंथालय वापरतो, तिथल्या माणसांशी बोलतो आणि परत आपल्या वर्गात जातो. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेनेही शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या साथीने राज्यातील विज्ञान शिक्षकांसाठी संशोधनाधारित अध्यापनाच्या कार्यशाळा टप्प्याटप्प्यांनी घेतल्या. दोन्हींत समान गोष्ट अशी, की नाते एका प्रमाणपत्रावर संपत नाही. आपल्या एफडीपींना नेमकी हीच गोष्ट जमलेली नाही, आणि ती जमवण्यासाठी लागणारी सातत्याची जागा महाविद्यालयाकडेच आहे, कारण वर्षभर शिक्षक तिथेच असतो.

परत आलेल्या शिक्षकाचे काय होते, ते एका तासावरून सांगते. माझी एक तरुण सहकारी, उपनगरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी, एका चांगल्या कार्यशाळेहून परतली आणि मागणीची लवचीकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) शिकवताना तिने फळ्यावर एवढेच लिहिले : कांदा २० रुपये किलोवरून ४० रुपये झाला, तर तुमच्या घरचा कांद्यावरचा एकूण खर्च वाढेल, घटेल की तेवढाच राहील? हात वर करायला सांगितल्यावर बहुतेकांनी ‘घटेल, कारण कमी घेऊ’ असे ठरवले. मग तिने शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालायला सांगितले. वर्गात एकच गलका झाला. कोणी ‘आमच्याकडे दोन किलोच्या जागी दीड किलो आणतील’ असे म्हटले, आणि दीड गुणिले चाळीस म्हणजे साठ, आधी तर चाळीसच होते, हे एका मागच्या बाकावरच्या मुलाच्या ध्यानात आले. पुन्हा हात वर केले तेव्हा बरेचसे हात ‘वाढेल’च्या बाजूला गेले होते. लवचीकतेची व्याख्या तिने त्यानंतर लिहिली, आणि ती मुलांना समजली. मात्र त्या गलक्याच्या वेळी व्हरांड्यातून पर्यवेक्षक गेले. दुपारी तिला बोलावून ‘वर्गावर नियंत्रण ठेवा’ अशी समज देण्यात आली. पुढच्या तासापासून तिने नोट्स सांगायला सुरुवात केली. तिची कार्यशाळा महिनाभराची असती तरी यापुढे तिचा काय उपयोग झाला असता?

समन्वयकांनी तर आणखी एका गोष्टीसाठी तयार राहिले पाहिजे. पद्धत बदलणाऱ्या शिक्षकाचा फीडबॅक सुरुवातीला खाली येऊ शकतो. विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या अध्यापनाविषयी विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर कृतिशील वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. तरीही हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गांवरील २०१९च्या प्रयोगात असे दिसले, की कृतिशील तासात विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे समजल्याचा भास होतो. आपल्या फीडबॅक फॉर्मवर ‘शिक्षकाचे विषयावर प्रभुत्व आहे का’ आणि ‘शिक्षक अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करतात का’ हे प्रश्न असतात. ‘या तासात तुम्ही स्वतः काय सोडवले’ हा प्रश्न नसतो. अशा फॉर्मवरील सरासरी ४.३ वरून ३.९ वर आली म्हणून एखाद्या शिक्षकाला जाब विचारला, तर प्रशिक्षणाचा उरलासुरला परिणामही आपणच पुसून टाकतो.

प्रशिक्षणाच्या आशयाबद्दलही एक तक्रार आहे आणि ती पुण्यापुरती फार खरी आहे. आपल्या वाणिज्य आणि विज्ञानाच्या वर्गांत अहिल्यानगर, नाशिक, सोलापूर, मराठवाडा अशा ठिकाणांहून मराठी माध्यमातून बारावी झालेली मुले मोठ्या संख्येने येतात. पुस्तक इंग्रजीत, परीक्षा बहुतेकदा इंग्रजीत आणि समजणे मराठीत, अशी त्यांची स्थिती असते. त्याच बाकावर इंग्रजी माध्यमातून आलेली आणि परप्रांतातली मुलेही असतात. असा वर्ग कसा हाताळावा, मराठीत समजावून इंग्रजीत लिहिते कसे करावे, याचे सत्र मी आजवर एकाही कार्यक्रमात पाहिलेले नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर तर ज्यांनी कधी क्षेत्रीय प्रकल्पाला किंवा ऑन जॉब ट्रेनिंगला मार्गदर्शन केले नव्हते, त्यांच्यावर ते काम आले. तोवर आम्हांला जे प्रशिक्षण मिळाले, ते बरेचसे धोरणाची कलमे समजावणारे होते; पन्नास मुलांचे प्रकल्प एकट्याने कसे तपासावेत, याबद्दल नव्हते. ही गरज दूरच्या प्रशिक्षण केंद्राला कळणार नाही. ती आपल्या स्टाफरूममध्ये रोज बोलली जाते.

आणि ज्यांच्याबद्दल प्रशिक्षणाच्या चर्चेत कोणीच बोलत नाही, ते सीएचबीवरील, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सहकारी. आपल्या अनेक विभागांचा गाडा आज त्यांच्यावर चालतो. सकाळी हडपसरला आणि दुपारी आकुर्डीला शिकवणाऱ्या माणसाला ड्यूटी लीव्ह नाही. तास घेतला तर मानधन, आणि तेही कधी हाती पडेल याची शाश्वती नाही. त्याने आठवडाभराचे प्रशिक्षण घेणे म्हणजे आठवडाभराची कमाई सोडणे होय. पहिल्या वर्षाच्या मुलांना, म्हणजे ज्यांना चांगल्या शिकवण्याची सर्वांत जास्त गरज असते त्यांना, बऱ्याचदा हेच सहकारी शिकवतात. प्रशिक्षणाचा अध्यापनावर परिणाम दिसत नाही, असे म्हणताना ज्यांना आपण ते मिळूच देत नाही, त्यांची संख्या आधी मोजावी लागेल.

आता मागण्या. कार्यशाळेला एकट्याला पाठवण्याऐवजी एकाच विभागातील दोघांना, शक्य तर एक कायम आणि एक सीएचबी, असे पाठवावे. परतल्यावर बोलायला कोणी असले की नवी पद्धत टिकते. परत आल्यावर त्या सेमिस्टरमध्ये त्यांनी एकच घटक निवडून वेगळ्या पद्धतीने शिकवावा आणि दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याने त्या तासाला मागे बसून पाहावे. हे निरीक्षण कृपया प्राचार्य किंवा पर्यवेक्षकांनी करू नये आणि त्याची नोंद गोपनीय अहवालात जाऊ नये, अन्यथा त्या दिवशी आपल्याला सजवलेला तास पाहायला मिळेल. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचा थेट अध्यापनाचा कार्यभार असतो आणि त्यावर प्रवेश, परीक्षा, कॅप, नॅक, एनएसएस, निवडणुकीचे काम. त्यात नवा घटक तयार करायला वेळ कोठून येणार, याचे उत्तर टाइमटेबल समितीला द्यावे लागेल. पहिले सेमिस्टर तशीही गणपती, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि युवक महोत्सव यांत विरून जाते, म्हणून हा प्रयोग जानेवारीच्या सत्रात ठेवलेला बरा. सीएचबीवरील सहकाऱ्यांसाठी महाविद्यालयातच शनिवारी दोन तासांच्या बैठका घ्याव्यात आणि त्या तासांचे मानधन संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यावे. एका मोठ्या समारंभाच्या मांडव-हारतुऱ्यांच्या खर्चात हे बहुधा भागेल.

ज्या महाविद्यालयांत संशोधन केंद्रे आहेत, त्यांना एक सोय आयतीच आहे. आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. विनियमांनुसार संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापन आणि लेखन यांचे प्रशिक्षण द्यावयाचे आहे, आणि त्यांना आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन साहाय्याचे काम देता येते. उद्याचे प्राध्यापक यांतूनच येणार आहेत. त्यांना रिकाम्या तासाला पाठवून वेळ भरून काढण्याऐवजी अनुभवी शिक्षकाबरोबर एकाच वर्गात काम करू द्यावे.

अहवालाच्या कामात वाढ नको, हे मलाही मान्य आहे. समन्वयकांनी प्रमाणपत्राच्या पीडीएफसोबत फक्त अर्ध्या पानाची नोंद मागावी : कोणता घटक बदलला, कसा बदलला, आणि त्यानंतरच्या इंटर्नलमध्ये त्या घटकावरील प्रश्नाला मुलांनी कशी उत्तरे लिहिली. ‘जमले नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हा तिच्या कक्षेतला विषय आहे. जूनमध्ये वेळापत्रक बसण्यापूर्वी होणाऱ्या बैठकीत या अर्ध्या पानाच्या नोंदी मांडाव्यात आणि पुढच्या वर्षी कोणाला, कोणत्या प्रशिक्षणाला, कोणाबरोबर पाठवायचे, ते त्यावरून ठरवावे, एवढी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
पुणे